ड्रिलमास्तर

एका निवृत्त गृहस्थांनी लाकडी जहाजाचं मॉडेल करायचं ठरवलं आणि आधी चार वर्षं छोट्या ड्रिल मशीनचा अभ्यास केला. कुठलं किती वेगाने फिरतं, कुठलं हातात थरथरतं, कुठल्या ड्रिल बिटने भोकाची कड फुटत नाही, सगळं तोंडपाठ. घरात पाच मशिनं आली, पण एकाचंही प्लास्टिक फाटलं नाही. अशी जहाजं करणाऱ्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर मात्र त्यांचं नाव 'ड्रिलमास्तर' पडलं.

"मास्तर, हे घेऊ का?" कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं. "थांबा. घाई केलीत तर पस्तावाल."

यंदा ग्रुपने प्रदर्शन भरवलं आणि मास्तरांना प्रमुख पाहुणे म्हणून सपत्नीक बोलावलं. टेबलांवर एकोणीस जहाजं डौलात उभी होती. मास्तरांनी भिंग लावून प्रत्येकाचं भोकन् भोक तपासलं आणि चुका काढल्या. दवाखान्यातल्या जुन्या ड्रिलवर जहाज केलेल्या दंतवैद्य बाईंनी अगदी आदराने विचारलं, "मास्तर, तुमचं जहाज कुठे ठेवलंय?"

मास्तर भिंग पुसायला लागले. शेवटी बायकोच बोलली,


"त्यांचं अजून झाडावर आहे."