घोट्याखालचा उंचवटा

ऐक ना, मध्ये बोलू नकोस! बाबांचे हात थरथरतात, आता बूट शिवता येत नाहीत, म्हणून त्यांनी अट घातली: "आईच्या वाकड्या पायाला बूट बसवलास, तर दुकान तुझं, नाहीतर विकून टाकतो." चामडं कापायचा नमुना काढायला मी तिच्या पायाच्या लाकडी साच्यावर चिकटपट्टी लावली, सोलून कागदावर पसरली. पट्टीतला घोट्याखालचा उंचवटा काही केल्या सपाट होईना. "तिथे चीर दे, दाबू नकोस," असं बाबांनी शंभरदा बजावलेलं. पण मी घाईत अंगठ्याने दाबलाच आणि त्यावरून चामडं कापलं. आई बूट घालून चार पावलं चालली आणि म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा लेकीनेच बरा शिवलाय!" बाबांनी डोळे पुसत दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी बूट काढायला वाकले, तर नेमक्या त्याच उंचवट्यावर तिचा मोजा रक्ताने लाल झालेला. आईने डोळ्यांनीच दटावलं, "गप्प बस!" सांग, तू काय केलं असतंस?