कड्याच्या पोटातली वाट

तिनं दोन्ही हातांनी लोखंडी खांबाला मिठी मारली होती. साखळी तिथूनच सुरू होत होती. पुढची वाट कड्याच्या पोटात खोदलेली, एका माणसापुरती. डावीकडे खडक आणि खडकात ठोकलेली साखळी. उजवीकडे काहीच नाही.

"आई, ये ना! सोप्पंय!" पलीकडून लेक ओरडली. बाबाचा हात धरून ती मघाशीच पार झाली होती. तिथून थोडं वर शिखर होतं. तिथे चौघांनी मिळून फोटो काढायचा, असं घरात आठवडाभर चाललं होतं.

उंचीचं आणि तिचं लहानपणापासून वाकडं. घर घेताना तिनं तळमजल्याचाच हट्ट धरला होता. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम लागली की ती मालकांनाच शिडीवर चढवायची, आणि "म्हातारपणी हे भोग" असं पुटपुटत ते बिचारे चढायचे. सगळे हसायचे. तीही हसायची. आज मात्र तिला खांब सोडवत नव्हता.

"थांब, मी येतो न्यायला," नवरा म्हणाला.

"नको, बाबा." लेकीनं आवाज खाली आणला होता, पण कड्यामुळे शब्द न् शब्द इकडे पोचला. "आई नाही येणार. ती कधीच येत नाही. चल, आपण जाऊ."

पोरगी चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे बोलली होती.

मागे सासूबाई उभ्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेली. डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून असत, आणि तिचा नवरा या वयातही त्यांच्या एका नजरेनं ताटातलं निमूट संपवायचा. आता एखादा टोमणा येणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

"पुढे हो आणि माझा हात धर," सासूबाई म्हणाल्या. "मला एकटीला नाही जमायचं."

"तुम्हाला?"

"विचारत काय बसलीस? धर म्हटलं ना."

हात द्यायचा तर खांब सोडणं भाग होतं. तिनं सोडला. डाव्या हातानं साखळी पकडली, उजवा मागे केला. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट आवळलं. दोघी निघाल्या.

साखळी गार होती. वारा खालून येत होता, पायांना ढकलल्यासारखा. ती समोरच्या खडकावर नजर रोवून पाऊल पाऊल सरकत राहिली. अर्ध्या वाटेत मनगटाला हिसका बसला. सासूबाई थांबल्या होत्या.

"काय झालं?"

तिनं मान वळवली. सासूबाई खडकाला पाठ लावून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ पांढरे.

"आई, डोळे उघडा."

"नाही उघडणार." त्या आवाजात मेट्रन कुठेच नव्हती.

तेवढ्यात वाऱ्यानं त्यांची टोपी उडवली. ती गिरक्या घेत खाली गेली, झाडांच्या शेंड्यांवरून आणखी खाली, पार नदीपर्यंत. सुनेनं ती दिसेनाशी होईतो पाहिली.

"टोपी दुसरी घेऊ," ती म्हणाली. "आता मी सांगते तसं करायचं. डोळे मिटलेलेच राहू देत. डावा पाय उचला. थोडा माझ्या बाजूला. हां, टेकवा. तिथे खडक आहे, मी बघतेय. आता उजवा."

एकेक पाऊल तिनं खाली वाकून पाहिलं, आपलंही आणि त्यांचंही. साखळी संपली तेव्हा लेक येऊन तिच्या कमरेलाच बिलगली.

"आई, तू आलीस!"

नवरा मात्र आपल्या आईकडे बघून टाळ्या पिटत होता. "मानलं तुला! काय नाटक केलंस!" मग तो बायकोकडे वळला. "अगं, तुला कळलं का? तुला इकडे आणायला आई घाबरल्याचं सोंग करत होती. ती आणि भीती!"

सासूबाई दगडावर बसल्या होत्या. पाण्याची बाटली दातांवर आपटत होती. दोन घोट कसेबसे गिळून त्या म्हणाल्या, "मग? नुसतं चल म्हटलं असतं तर आली असती का ही?"

"आजी, तू कसली भारी आहेस!" लेक ओरडली.

सुनेनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं लक्ष आपल्या मनगटाकडे गेलं. नखं रुतून चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं. सासूबाईंनीही ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तिनं बाही खाली ओढली. "खरंच," ती म्हणाली, "मला कळलंच नाही."

शिखरावर फोटो झाला. ती कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ खालची नदी बघत होती. पायांना कंप नव्हता.

उतरताना पुन्हा ती वाट आली. लेकीनं तिचा हात हलवला. "आई, आता तुझी भीती गेली ना? शाळेत सगळ्यांना सांगू?"

हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. होय म्हणायला तिनं श्वासही घेतला. समोर सासूबाई बुटाची नाडी बांधत होत्या. आधीच बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या, आणि वाटेकडे बघत नव्हत्या.

"छे गं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आई, जातानाही तुमचा हात लागणार मला. त्याशिवाय नाही जमायचं."

तिनं हात पुढे केला. सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तो दोन्ही हातांनी धरला.

"बघ," नवरा लेकीला म्हणाला, "तुझ्या आईची भीती काही जायची नाही."