विश्राम

“आधी आंघोळ करून ये. तुझ्या ग्रीसच्या वासानं पोटात ढवळतंय माझ्या.”

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगा नुकताच कामावरून आला होता. लिफ्ट दुरुस्त करायचं काम, हात कोपरापर्यंत काळे.

“मला बघून कधी ढवळलं नाही तुमच्या पोटात?” तो म्हणाला. आंघोळ मात्र करून आला. मग मास्तरांना साबणाचा वास सहन होईना.

स्वयंपाकाच्या वासानं सासऱ्यांना उलटी होते म्हणून सुनेनं त्या दिवशी गॅस पेटवलाच नव्हता. उलटीची गोळी वेळेवर दिली होती, आता वाटीत बर्फाचे खडे आणून ठेवले. “एकेक तोंडात धरा बाबा, बरं वाटेल.” मास्तरांनी खडा तोंडात धरला. सुनेचं ते ऐकत. मुलाचं ऐकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

आणि मास्तरांना चालवायचं काम नेमकं मुलाकडे होतं. नुसतं पडून राहिलं तर थकवा वाढत जाईल, रोज थोडं चालवा, पण दमायच्या आत बसवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगात त्राण दिसलं तरच पुढच्या आठवड्यात केमोचा डोस. नाही दिसलं तर थांबायचं, आणि थांबण्याइतका वेळ आता हातात नाही, हेही त्यांनी मास्तरांच्या तोंडावरच सांगितलं होतं.

“उठा. परेडची वेळ झाली.”

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत कवायत शिकवली. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मैदानाबाहेरची कुत्रीसुद्धा पाय जुळवतात, असं पोरं म्हणायची. आता तो आवाज पाणी मागण्यापुरता उरला होता. मुलाला याचं वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला बोला, थोडं बरंच वाटत होतं.

घराबाहेर लांबलचक व्हरांडा होता. एका टोकाला त्यांचं दार, दुसऱ्या टोकाला जाळी. मुलानं दारापाशी खुर्ची मांडली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आधार द्यायला गेलं की बाप हात झटकतो, हे त्याला ठाऊक होतं.

“पुढे चल!” त्यानं हुकूम सोडला.

मास्तर निघाले. पायजमा कमरेवर ठरत नव्हता, तो एका हातानं धरून जाळीपर्यंत गेले.

“मागे फिर! मान वर! पाय उचला, फरफटू नका. काय म्हणायचात तुम्ही आम्हाला? मेंगळट.”

“तुझ्यासारखं चालून बघतोय,” मास्तर म्हणाले.

ते खुर्चीपाशी आले, बसायला वळले. मुलानं खुर्ची मागे ओढून धरली.

“एक सांगा. मी पाचवीत होतो. बुटांना पॉलिश नव्हतं म्हणून मला एकट्याला पुढे बोलावलंत, सावधानमध्ये उभं केलंत. मग अख्ख्या शाळेला विश्राम दिलात, विसर्जन केलंत, पोरं घरी गेली. मी तिथेच उन्हात. मला विश्राम म्हणायला विसरलात तुम्ही.”

मास्तरांनी दम खाल्ला.

“विसरलो नव्हतो.”

इतकी वर्षं मुलगा ती चूक समजून चालला होता.

“मग अजून एक फेरी,” तो म्हणाला.

आतून सून ओरडली, “अहो, बास करा! दमायच्या आत बसवायला सांगितलंय ना!”

“पुढे चल!”

मास्तर गेले. जाळीपाशी पोचले आणि ती दोन्ही हातांनी धरून थांबले. पोट उसळलं. बाहेर आलं ते नुसतं पाणी. ओठ पांढरे पडले होते, आणि खुर्ची व्हरांड्याच्या या टोकाला होती.

“नाही जमत म्हणा,” मुलगा म्हणाला. “एवढंच म्हणा. खुर्ची आणतो.”

मास्तरांनी जाळी सोडली. हळूहळू वळले. बाहीनं तोंड पुसलं, पाठ सरळ केली, हनुवटी वर घेतली.

“विश्राम!”

हा पाणी मागायचा आवाज नव्हता. हा मैदानावरचा होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून वर पाहिलं.

मुलानंही पाहिलं, पण खाली, स्वतःच्या पायांकडे. डावा पाय आपसूक बाजूला गेला होता. हात खुर्चीवरून सुटून पाठीमागे एकात एक अडकले होते.

सून बाहेर आली. तिनं खुर्ची उचलली, जवळजवळ पळतच नेली आणि सासऱ्यांच्या मागे लावली. मास्तर बसले कसले, कोसळलेच. तिनं त्यांची मान सावरली, बर्फाचा खडा तोंडात दिला, कपाळावरचा घाम पुसला. मग नवऱ्यावर खेकसली, “तुम्ही काय तिथे खांबासारखे उभे? या इकडे, धरा यांना!”

मुलानं पाऊल उचललं.

“जागेवर!” मास्तर म्हणाले. डोळे मिटलेले होते, गालात बर्फ होता, शब्द नीट फुटत नव्हते. “विश्राम म्हटलंय मी. विसर्जन नाही.”