राखलेला जोर

पहिली फेरी संपली तेव्हा मेघालीच्या पुढे अकरा मुली होत्या. ती घाबरली नाही. छाती फुटायला आली होती, पोटऱ्यांत गोळे आले होते, पण दम परत येणार याची तिला खात्री होती. बाबाने तसं सांगितलं होतं.

बाबा म्हणजे राघो, दापोड्याच्या गोदामातला जुना हमाल. अंगाचं शास्त्र तो ट्रक रिकामे करता करता शिकला. "पयली अर्धी गाडी जीव खाते," तो म्हणायचा, "मंग अंग आपसूक उघडतं. तवर जोर राखून ठेवायचा." पोलीस भरतीसाठी त्याने लेकीला वर्षभर काल्हेरच्या रस्त्यावर पळवलं, रोज सहा किलोमीटर. आणि तिसऱ्या किलोमीटरला तो दम खरंच यायचा! श्वास सुरळीत व्हायचा, पाय आपले आपण उचलायचे. भरतीत मुलींना आठशे मीटरच, मैदानाच्या दोन फेऱ्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण सहा किलोमीटरवालीला आठशे मीटर म्हणजे किस झाड की पत्ती, असं दोघांना वाटलं. चुकलं ते तिथेच.

दुसऱ्या फेरीत दम आला नाही. वळणावर नाही, शेवटच्या शंभर मीटरला नाही. ती जिवाच्या आकांताने धावली आणि ठरलेल्या वेळेपेक्षा आठ सेकंद उशिरा पोचली. शिपायाने तिचा नंबर वाचला आणि पुढे म्हणाला, "अपात्र." पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं.

गेटकडे चालताना छाती मोकळी झाली. पाय हलके झाले. आता तिला घरापर्यंत पळत जाता आलं असतं. स्वतःच्या अंगाचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

राघो गेटबाहेर उभा होता. आपल्याच शिकवणीने लेक बुडाली हे कळलं, तर हा माणूस उरलेला जन्म स्वतःला खात बसेल, एवढंच तिच्या मनात आलं.

"मी तुझं ऐकलंच नाही, बाबा," ती म्हणाली. "सुरुवातीलाच सुसाट सुटले. म्हणून हरले."

राघोने सदऱ्याला लागलेला चुना झटकला.

"मी भिंतीवर चढून बगत व्हतो, पोरी. पयली फेरी तू माजंच आयकत व्हतीस."