सुईशिवाय

"बधिर करायची सुई नाही," परीक्षक डॉक्टर अमिल्कार यांनी पुन्हा बजावलं. "दाताचा वरचा टणक थर तेवढाच घासायचा, म्हणजे त्यावर नखासारखा पातळ सिरॅमिकचा पापुद्रा बसेल. त्या थराला दुखणं ठाऊक नसतं. कळ आली, की समज तू खोल गेलीस. नापास."

तायनारानं मान डोलावली. मागच्या परीक्षेला तिनं खुर्चीत आईलाच बसवलं होतं. आई हूं की चूं न करता पडून राहिली, आणि भिंगाखाली पाहिलं तर दाताचा आतला पिवळा भाग उघडा पडलेला. "सोसणारं माणूस आणू नकोस," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

म्हणून या वेळी तिनं झुल्मीरामावशीला आणलं होतं. बेलें शहराच्या बाजारात मासळी विकणारी ही बाई डास चावला तरी नदीपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडते. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. गंमत बघायला निम्मा वर्ग दारात जमला. आई बाहेर बाकावर बसून राहिली.

"पोरी, दुखलं ना, तर छप्पर उडवीन हं!"

"उडवा मावशी. पण हलू नका."

हिऱ्याची कणी बसवलेल्या ड्रिलच्या बारीक टोकानं तायनारानं दातावर तीन उथळ खाचा पाडल्या आणि त्यांत पेन्सिल फिरवली. आता पेन्सिल पुसली जाईपर्यंतच घासायचं, त्यापुढे केसभरही नाही. पाण्याचा फवारा सुरू झाला. एक रेघ गेली. दुसरी गेली. तिसरीपाशी झुल्मीराचा हात वर आला, आणि दारातल्या सगळ्यांनी श्वास रोखला.

तिनं नुसतं नाक खाजवलं.

तिसरी रेघ गेली. तायनारा थांबली. अमिल्कार भिंग लावून बराच वेळ दात पाहत राहिले. पिवळं कुठंच नव्हतं.

"अगं, सुरू कधी करणार?" झुल्मीरा खेकसली. "तिकडं माझी मासळी उन्हात पडलीय!"

छप्पर उडालं ते वर्गाच्या ओरडण्यानं. अमिल्कारांनी हसू दाबत कागदावर सही केली. "पास."

तायनारा मास्क ओढून काढत बाहेर धावली. आईनं तिला घट्ट मिठी मारली, पाठ थोपटली, मग कानाशी तोंड नेलं.

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी फार दुखलं होतं गं."