उभं शेत

“काढा, सगळं आजच काढा. आमचे म्हणतात, आज रात्री दव गोठणार.”

शेताकडे जाणारी वाट मान्याकालोच्या दारावरून जाई. उजाडल्यापासून ती उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती. तिचा नवरा मोलाओली सुगीच्या सुरुवातीपासून अंथरुणाला खिळला होता. पण मालुतीच्या डोंगरावरून थंडी कधी उतरणार, हे त्याच्याइतकं गावात कुणालाच कळत नसे. बायका टोपल्या घेऊन निघाल्या. पुरुषांनी गाढवं सोडली.

मागचं वर्ष कुणी विसरलं नव्हतं. ऐन काढणीत शेजारच्या मापालेसाची सासू वारली. गावात मयत झालं की मूठमाती देईपर्यंत कुणी शेतात पाऊल टाकायचं नाही. म्हातारीचे मुलगे सरहद्दीपलीकडच्या खाणींतून यायचे होते. गाव घरी बसून राहिलं. भोपळे आणि घेवडा वेलीवरच काळे पडले. वाळवून ठेवायला काही उरलं नाही. हिवाळा संपता संपता मापालेसाची नात गेली. पोरीला आजार कसलाच नव्हता.

“तू अजून बसलेलीच?” मापालेसा डोक्यावरची टोपली सावरत थांबली. “तुझे भोपळे काय चालत येणारेत घरी?”

“माझं राहू दे. तू चल.”

“म्हातारबुवांना भेटून जाते.”

ती दाराशी वाकली, तशी मान्याकालो उठून आडवी आली. “झोपलेत. शेत आधी.”

“बरं बाई. त्यांना म्हणावं, एवढी सुगी तरी दम धरा. आमच्या म्हातारीसारखं करू नका.” मापालेसा हसली. मान्याकालो हसली नाही.

तिच्या छपरातून रोजच्यासारखा धूर निघत होता. वाडग्यात गरम लापशी घेऊन ती आत गेली, वाडगा रिकामा करून बाहेर आली आणि पुन्हा उंबऱ्यात बसली. समोरून भोपळ्यांनी लादलेली गाढवं वर येत होती. खाली ओढ्याकाठी तिचं शेत तसंच होतं.

दुपारी मापालेसा परत थांबली. “तुझ्या बांधावरूनच जातोय आम्ही. पोरींना लावते कामाला. घटकाभरात उरकेल.”

“माझ्या शेतात पाय टाकायचा नाही. कुणीच नाही.”

“अगं, चोरणार नाही तुझे भोपळे.”

“टाकायचा नाही म्हटलं ना.”

मापालेसाचा चेहरा पडला. खाली गेल्यावर ती बायकांना म्हणाली, “म्हाताऱ्याच्या दुखण्यात हिचं डोकं फिरलंय. जगाला शेतात पिटाळते आणि आपण दार धरून बसते.”

दिवस कलला तेव्हा गावातली सगळी छपरं भोपळ्यांनी भरली होती. अंगणांत चटयांवर घेवडा पसरला होता. भोपळ्याच्या लांब फाका दोऱ्यांवर टांगल्या होत्या. कुठंतरी चुलीत भोपळा भाजल्याचा गोड वास सुटला होता आणि पोरं त्या घराभोवती घोटाळत होती. वारा पडला. आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं.

मापालेसाचा राग उतरला. त्यातल्या त्यात मोठा भोपळा डोक्यावर घेऊन ती शेजारी गेली.

मान्याकालो बाहेर उभी राहून खिडकीच्या काचेला ओली राख फासत होती.

तसं एकाच कारणासाठी करतात. मापालेसानं भोपळा हळूच खाली ठेवला.

“कधी?”

“पहाटे. दवाचं काल रात्री बोलले, तेवढंच शेवटचं.”

मापालेसा आपल्या हातांकडे बघत राहिली. नखांत माती होती. तिनं हात झग्याला पुसले, पुन्हा पुसले.

“आणि आम्ही दिवसभर शेतात होतो,” ती कुजबुजली. “अख्खं गाव शेतात होतं.”

मान्याकालोनं काचेचा उरलेला कोपरा राखेनं भरला. खाली ओढ्याकाठी सगळी रानं उघडी पडली होती. एकाच तुकड्यात भोपळे अजून दिसत होते.

“तुम्हाला कुठं ठाऊक होतं?” ती म्हणाली. “ठाऊक होतं ते मला. म्हणून माझं शेत उभं आहे.”