चांगीचा उन्हाळा

शिमग्याला आगगाडीची शिटी ऐकून आईच्या लुगड्यात शिरणारी चार वर्षांची चांगी वैशाखात त्याच गाडीला शिव्या घालत चिखलाचे गोळे मारू लागली. "पोर माज्यावर गेली!" म्हणत तिचा बाप काळुराम ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात मिशा पिळत हिंडे.

वर्षाचं मीठ वाफ्यांत पिकून पडलं होतं. तेवढ्यात मधला बांध कोणी सरकवला यावरून काळुराम आणि शेजारच्या वाफ्याचा त्याचा चुलतभाऊ परशुराम एकमेकांच्या जिवावर उठले. परशुरामने फावडं घातलं. काळुरामचं डोकं असं फुटलं की रक्ताची चिळकांडी थेट कळव्यापर्यंत गेली म्हणतात! तरी त्याने परशुरामला लोळवलं, छातीवर बसून कोयता उगारला.

"बोल, बांध कोनाचा?"

"माज्या बापाचा!" परशुराम रक्त थुंकत म्हणाला, आणि त्याच्या कानात पाणी शिरलं.

दोघांनी माना वळवल्या. मिठागराच्या तोंडाशी खाडीचं पाणी अडवणारी, दोन गड्यांनाही न हलणारी फळी उखडून पडली होती. भरतीचं पाणी वाफ्यांत घुसलं होतं, दोघांचंही मीठ विरघळत होतं. फळीपाशी चांगी कमरेवर हात ठेवून उभी होती.



"बा, ये लवकर! तुजा रगत धुवाला पानी आनलाय."